लिंटेलनं मारलेली बॅटरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोल्हापुरात खिडक्यांना मच्छरजाळ्या आणि पडद्यांचे रॉड बसवता, रोज दोन-तीन घरं होतात. मागच्या वर्षी ऑनलाइन एक कॉर्डलेस ड्रिल मागवलं, त्यावर 48 व्होल्ट लिहिलं होतं. आठ महिन्यांत बॅटरी गेली. आता दहा हजारांपर्यंत घालायची तयारी आहे, पण बॅटरी टिकली पाहिजे. कोणतं घेऊ?

मी उद्यमनगरात वीसेक वर्षं पॉवर टूल दुरुस्त करतोय. सुरुवात मोटर वायंडिंगपासून केली, आता टेबलावर बॅटरीवाली टूलच जास्त येतात. कंपनीचं नाव सांगण्याआधी मीच तुम्हाला एक विचारतो. पडद्याच्या रॉडचं ब्रॅकेट कुठं बसतं? खिडकीच्या चौकटीपासून चार-सहा इंच वर. तिथं भिंतीत काय असतं? लिंटेल. म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट. वीट नव्हे.

तुमची बॅटरी खराब निघाली असेल, नाही असं नाही. पण तुमच्या कामाचा बाज बघता मला पहिला संशय लिंटेलवर येतो. कॉर्डलेस ड्रिलवर हातोडीचं चिन्ह असतं, त्यावर रिंग फिरवली की ‘हॅमर’ सुरू होतो असं सगळे धरून चालतात. आत काय होतं ते मी रोज उघडून बघतो. दातेरी अशा दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि बिट, म्हणजे पुढची भोक पाडणारी सळई, पुढंमागं टकटकतं. ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात, पण प्रत्येक ठोका चिमणीच्या चोचीएवढा. विटेला तेवढा पुरतो. काँक्रीटमध्ये खडी लागली की बिट जागच्या जागी नाचतं. मग माणूस काय करतो? शिडीवर उभा राहून छातीचा जोर देतो. मोटर जवळजवळ अडते, ट्रिगर मात्र पूर्ण दाबलेला. अशा वेळी बॅटरीतून 20-30 अँपिअर सहज ओढले जातात, पूर्ण अडली तर त्याहून बरेच जास्त. एका ब्रॅकेटला दोन भोकं, एका रॉडला दोन ब्रॅकेट, एका घरात पाच खिडक्या. म्हणजे वीस भोकं, प्रत्येक भोकाला मिनिट-दीड मिनिट बॅटरीची अशी पिळवणूक.

आता हिशेब करू. बॅटरीत किती दम आहे हे व्होल्ट सांगत नाहीत आणि नुसते अँपिअर-अवरही सांगत नाहीत. दोघांचा गुणाकार सांगतो, त्याला वॉट-अवर म्हणायचं. 18 व्होल्टची 2 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 36 वॉट-अवर. ड्रिल 300 वॉट ओढत असेल तर 36 भागिले 300, म्हणजे सलग ट्रिगर दाबून जेमतेम सात मिनिटं. 12 व्होल्ट म्हणून जी विकतात ती खरं तर 10.8 व्होल्टची, तिच्यात 2 अँपिअर-अवर असतील तर 21.6 वॉट-अवर, तिथं सव्वाचार मिनिटं. हे ऐकून गिऱ्हाईक नेहमी दचकतं. स्क्रू मारताना एकेका स्क्रूला दोन-तीन सेकंद लागतात, तेही कमी वॉटवर, म्हणून बॅटरी दिवसभर पुरल्यासारखी वाटते. लिंटेलमध्ये मात्र पहिल्याच घरात बॅटरीवरचे, चार्ज किती उरलाय ते दाखवणारे दिवे लुकलुकायला लागतात.

म्हणून ‘बॅटरी टिकते’ या शब्दाचे दोन अर्थ आधी वेगळे करा. एका चार्जवर किती काम होतं, हा एक. बॅटरी किती वर्षं जगते, हा दुसरा. दुकानदार पहिल्याचं उत्तर देतो, नुकसान दुसऱ्यात होतं. ड्रिलमधले लिथियम सेल नीट वापरले तर साधारण 300 ते 500 चार्ज सहन करतात, मग त्यांची धारण कमी होत जाते. तुम्ही एकच बॅटरी रोज एकदा रिकामी करून भरत असाल तर वर्षाला तीनशेचा आकडा तिथंच भरला. दिवसातून दोनदा करत असाल तर आठ महिने ही काही लाजिरवाणी कामगिरी नाही! दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येकीवर निम्मा भार. शिवाय एक गरम झाली की बाजूला ठेवून ती थंड होईपर्यंत दुसरी लावता येते, आणि हे दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

उष्णतेचं गणित सरळ गुणाकाराचं नाही. करंट दुप्पट झाला की सेलच्या आत तयार होणारी उष्णता चौपट होते. 18 व्होल्टच्या, 2 अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये, म्हणजे बॅटरीच्या डब्यात, पाच सेल एका ओळीत असतात, सगळा करंट प्रत्येक सेलमधून जातो. 4 अँपिअर-अवरच्या मोठ्या पॅकमध्ये बहुतेक वेळा अशा दोन ओळी शेजारी शेजारी असतात. करंट वाटला जातो, प्रत्येक सेलवर निम्मा, आणि उष्णता एक चतुर्थांश. म्हणून मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ चालत नाही, कामाचा जोर असेल तर जास्त वर्षंही जगते. पण ती जड असते. शिडीवर एका हातात ड्रिल आणि दुसऱ्या हातात रॉड धरून ज्याला दिवस काढायचाय, त्याला पावशेर वजनाचा फरक संध्याकाळी खांद्यात कळतो.

आता त्या 48 व्होल्टकडे येऊ. तुमचं ड्रिल मी उघडलेलं नाही, पण त्या जातीची पुष्कळ उघडलीत. वर 36, 48, 88, काहीही छापलेलं असतं. कधी व्होल्टच्या व्ही-पुढं एक एफ चिकटवलेला असतो, म्हणजे कुणी भांडायला आलं तर ‘आम्ही व्होल्ट म्हटलंच नव्हतं’ म्हणायला मोकळे. आत पाच सेल ओळीत. लिथियम सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 4.2 चा. पाच गुणिले 3.6 म्हणजे 18. पाच गुणिले 4.2 म्हणजे 21. एवढंच. नामांकित कंपन्याही थोडी गंमत करतात: डिवॉल्टची अमेरिकेतली ‘20 व्होल्ट मॅक्स’ आणि युरोपातली 18 व्होल्टची मालिका यांत सेल तितकेच. फरक असा की तिथं शब्दांचा खेळ आहे, इथं सरळ खोटेपणा.

अँपिअर-अवरमधला खोटेपणा पकडायला वजनकाटा घ्या. हे माझं लाडकं तंत्र, आणि त्याला बॅटरी उघडावी लागत नाही. या पॅकमध्ये जास्त करून 18650 नावाचे सेल असतात. नावातच माप आहे: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. चांगल्या सेलचं वजन 45 ग्रॅमच्या आसपास. बाजारात मिळणाऱ्या या मापाच्या सेलची धारण फार तर साडेतीन अँपिअर-अवर, आणि ड्रिलला लागतो तसा जोराचा करंट देणाऱ्या सेलची त्याहून कमी. म्हणजे पाच सेलच्या छोट्या पॅकवर ‘6 अँपिअर-अवर’ लिहिलं असेल तर ते शक्यच नाही. (21700 मापाचे नवे जाड सेल असतील तर पाच सेलमध्ये 4 अँपिअर-अवर खरंच बसतात. तो सेल एकटाच 70 ग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे वजनात दिसतोच.) चांगल्या कंपनीचा पाच सेलचा 18 व्होल्टचा पॅक साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतो, दहा सेलचा सहाशेच्या वर. पॅकवर 4 लिहिलंय आणि काट्यावर 280 ग्रॅम येतंय, तर पिशवीत घालून परत द्या. किराणा दुकानातल्या काट्यावर जमतं हे काम. मी शेजारच्या चहावाल्याकडून साखरेचा काटा आणतो.

खरे सेल असले तरी ते कुठल्या कामासाठी बनलेत हा प्रश्न उरतोच. लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल आणि ड्रिलमधला सेल बाहेरून एकसारखे दिसतात. लॅपटॉपचा सेल सावकाश करंट देण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्यातून 20 अँपिअर ओढायला लागलात तर व्होल्टेज धपकन खाली येतं, सेल तापतो आणि काही महिन्यांत दम तोडतो. स्वस्त पॅकमध्ये असे, कधी कधी तर जुन्या पॅकमधून काढलेले सेल, नवीन वेष्टन चढवून घातलेले मी पाहिलेत. पाचातले चार ठीक, एक म्हातारा. तो एक लवकर रिकामा होतो, लवकर भरतो आणि सगळ्या पॅकला खाली ओढतो. ‘बॅटरी मेली’ म्हणून काउंटरवर येणाऱ्या पॅकमध्ये पाचही सेल मेलेले फार कमी वेळा सापडतात. बहुतेकदा एकच गेलेला असतो.

हा एक सेल मागं पडायचं दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. संध्याकाळी काम संपलं, ड्रिल बंद पडेपर्यंत रेटलं, तसंच पेटीत टाकलं, मग जोतिबाची यात्रा, मग गावाकडचं लग्न, तीन आठवड्यांनी पेटी उघडली. पॅकच्या आत एक छोटा सर्किट बोर्ड असतो, तो बंद अवस्थेतही थोडा थोडा करंट पीत राहतो. भरलेल्या बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. रिकाम्या बॅटरीला तो थेंब थेंब करून तळ दाखवतो. सेल अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि नंतर भरताना ते नको तिथं साठून आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती असते. म्हणून चांगला चार्जर अशी बॅटरी घेत नाही, लाल दिवा लावून बसतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून, दोन वायरी जोडून, भरलेल्या बॅटरीनं रिकामीला ‘धक्का’ देणारे पुष्कळ भेटतात. कधी चालतंही. पण तशी उठवलेली बॅटरी रात्री घरात चार्जिंगला लावून झोपू नका, एवढं ऐकाच.

‘पूर्ण रिकामी झाल्याशिवाय चार्ज करायची नाही’ हा सल्ला ज्यानं तुम्हाला दिलाय तो माझ्याच वयाचा असणार. आमच्या सुरुवातीच्या काळात कॉर्डलेस ड्रिल म्हणजे निकेल-कॅडमियमची बॅटरी. सेल 1.2 व्होल्टचा, म्हणजे 14.4 व्होल्टला बारा सेल, आणि वजन विटेएवढं. अर्धवट भरत राहिलं की तिला त्याच पातळीची सवय लागते असं म्हणायचे, त्यासाठी ती अधूनमधून पूर्ण उतरवावी लागायची. सोनीनं 1991 मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली, पुढं ती ड्रिलमध्ये आली, पण सल्ला मात्र जुनाच फिरत राहिला. लिथियमला नेमकं उलटं आवडतं. एक दिवा उरला की काढा, थंड होऊ द्या, भरा. अर्धी असताना भरली तरी काही बिघडत नाही. पंधरा दिवस काम नसेल तर चारपैकी दोन-तीन दिवे ठेवून बाजूला ठेवा.

आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलमध्ये कोल्हापूर 38-40 अंशांपर्यंत जातं, उन्हात लावलेल्या दुचाकीची डिकी त्याच्या कितीतरी वर. बहुतेक कंपन्या 45 अंशांपर्यंतच चार्जिंगला परवानगी देतात, त्याच्यावर असली तर चांगला चार्जर थांबून राहतो. थांबलेला चार्जर बिघडलेला नसतो. गिऱ्हाईक मात्र तो बिघडला म्हणून घेऊन येतं, आणि माझ्याकडं येईपर्यंत बॅटरी थंड झालेली असल्यानं तो इथं मुकाट्यानं चार्ज करतो. असे पैसे घेताना मलाच संकोच वाटतो.

चार्जरवरून आठवलं, खरेदीच्या वेळी ड्रिलपेक्षा चार्जर आणि बॅटरीचं तोंड जास्त वेळ बघा. मोबाइलच्या चार्जरसारखा छोटा डबा, त्याला गोल पिन आणि ती पिन बॅटरीच्या भोकात खुपसायची, असं असेल तर तो नुसता 21 व्होल्ट देणारा पुरवठा आहे. बॅटरी तापलीय की नाही हे त्याला कळायचा मार्गच नाही. चांगल्या पॅकला प्लस आणि मायनसखेरीज आणखी एक-दोन पातळ पट्ट्या असतात. त्यातली एक तापमान सांगते. काही कंपन्या तर आतल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज बाहेर काढून चार्जरला दाखवतात. पट्ट्या मोजायला कौशल्य लागत नाही, फक्त बॅटरी काढून उलटी धरायची. दुकानात कुणी धरत नाही. सगळे ट्रिगर दाबून गुर्रगुर्र आवाज ऐकतात.

बॅटरीच्या लेबलवर आयएस 16046 आणि आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची ही नोंदणी सक्तीची आहे, आणि तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकून बघता येतो. क्रमांक खरा निघाला म्हणून बॅटरी उत्तम ठरत नाही. क्रमांकच नसेल तर मात्र पुढं बोलायची गरज नाही. वॉरंटी कार्डावर ड्रिलची मुदत आणि बॅटरीची मुदत वेगवेगळ्या ओळींत असते. दुकानदार वरची ओळ वाचून दाखवतो, तुम्ही खालची वाचा. पॅकवर बनवल्याची तारीख किंवा तिचा सांकेतिक क्रमांक असतो, दोन वर्षं कपाटात पडलेला माल सवलतीत मिळत असेल तर ती सवलत तुम्ही बॅटरीच्या आयुष्यातूनच भरताय.

यापेक्षाही पक्की एक परीक्षा आहे. शाहूपुरीत ज्या दुकानातून घेणार तिथं काउंटरवर जाऊन ड्रिल मागूच नका. म्हणा, ‘या ड्रिलची नुसती बॅटरी दाखवा.’ दुकानदारानं मागं वळून खोका काढून दिला तर पुढं बोला. ‘मागवून देतो, चार दिवस लागतील’ म्हणाला तर जरा विचार करा. ‘नुसती येत नाही हो, सेटच घ्यावा लागतो’ म्हणाला तर दुकानातून बाहेर पडा. वायरवाल्या ड्रिलचं काहीही गेलं तरी उद्यमनगरात इलाज आहे. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळलं तर वायंडिंग करून मिळतं, कार्बन दहा मिनिटांत बदलतो, गिअर तुटला तर लेथवाला तसाच दुसरा कापून देतो. कोल्हापूरनं इंजिनं बनवलीत, गिअर काय मोठी गोष्ट आहे. पण बॅटरीतली चिप कुठल्याही लेथवर कापता येत नाही. कॉर्डलेसचं आयुष्य त्याच्या बॅटरीच्या पुरवठ्याएवढंच.

त्यात आणखी एक खोच. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या ड्रिलला बसत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही बसत नाही, हे घेतल्यावर कळतं. बॉशची निळी 18 व्होल्ट आणि घरगुती वापरासाठीची हिरवी 18 व्होल्ट यांच्या बॅटऱ्या एकमेकींना चालत नाहीत. पुढं तुम्हाला ग्राइंडर, जिगसॉ, ब्लोअर असं काही घ्यायचं मनात असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारी बाकीची टूल दुकानात प्रत्यक्ष आहेत का ते आजच बघून ठेवा.

ब्रशलेस घ्यावं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बन घासत राहतो, त्या घासण्यात आणि ठिणग्यांत थोडी वीज वाया जाते. ब्रशलेसमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, तेवढ्याच बॅटरीवर काम जास्त होतं आणि मोटर अडायला लागली की सर्किट आधीच हात आखडतं. रोजच्या कामाला चांगलंच आहे. पण दहा हजारांच्या आत ब्रशलेस आणि एक बॅटरी विरुद्ध साधी मोटर आणि दोन बॅटऱ्या असा सामना असेल तर मी डोळे झाकून दोन बॅटऱ्या घेईन. साध्या मोटरचे कार्बन इथं कुणीही बदलून देईल. ब्रशलेसचा बोर्ड गेला तर तो पूर्णच बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून माणसं नवंच घेतात.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. काम दोन टूलमध्ये वाटा. चांगल्या कंपनीचं 12 व्होल्टचं ड्रिल, 2 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आणि स्वतंत्र चार्जरसह, हे तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतं आणि पैसे उरतात. जाळीच्या ॲल्युमिनियम पट्ट्या, चौकटीतले स्क्रू, विटेतली 6 मिलिमीटरची भोकं एवढं त्याला जमतं. वजन किलोभर, शिडीवर हलकं. उरलेल्या पैशात वायरवालं, दोन किलोच्या वर्गातलं रोटरी हॅमर घ्या, खटक्यानं बसणाऱ्या एसडीएस बिटचं. नवं परवडलं नाही तर जुनं चालेल, कुणा जाणत्याकडून आर्मेचर आणि चकचा, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडाचा, खेळ तपासून घ्या. त्याच्या आत पिस्टन हवा दाबून ठोका मारतो. लिंटेलमधलं जे भोक तुम्ही दीड मिनिट रेटत होता, ते काही सेकंदांत होतं आणि हातावर जोरही द्यावा लागत नाही. मध्ये सळई लागली तर हट्ट करू नका, ब्रॅकेट इंचभर सरकवा.

12 व्होल्टच्या ड्रिलनं लिंटेल फोडायला मात्र बसू नका. 200 वॉटचं काम 18 व्होल्टवर 11 अँपिअरमध्ये होतं, 10.8 व्होल्टवर साडेअठरा लागतात. उष्णतेचं चौपटीचं गणित वर सांगितलंय. ज्या नव्या इमारतीत अजून मीटर आलेला नाही आणि लिंटेल भरपूर आहेत, तिथं नाइलाजानं बॅटरीवरचं रोटरी हॅमरच लागतं, पण तो 18 व्होल्टचा वेगळा खर्च. तशी कामं महिन्यातून एखादीच असतील तर हॅमर भाड्यानं आणा.

भिंत ओळखायची सवयही बॅटरी वाचवते. आजकाल फ्लॅटमध्ये पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. तिथं हॅमर लावायचाच नाही, साध्या फिरण्यावर भोक पडतं. हॅमर लावला तर भोक वेडंवाकडं होतं आणि स्क्रूसाठी ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी आत फिरत राहते. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांमध्ये काळ्या दगडाची भिंत निघते. ती कॉर्डलेसचं काम नव्हेच. दगडाच्या मधल्या सांध्यात मारावं म्हटलं तर मातीच गळते.

बोथट बिटनं किती बॅटरी जाते हे मोजायची फार इच्छा असेल तर एकदा जुन्या आणि नव्या बिटनं ॲल्युमिनियमच्या त्याच पट्टीत दहा-दहा भोकं पाडा आणि बॅटरीला हात लावून बघा. तीस-चाळीस रुपयांचं बिट वाचवायला माणसं तीन हजारांची बॅटरी जाळतात. मोठं भोक दुसऱ्या गिअरवर पाडणं हाही तसाच प्रकार. वरचं बटण 1 वर सरकवा, फिरणं सावकाश होतं, पण मोटर अडत नाही. लाकडात लांब स्क्रू मारायचा असेल तर आधी बारीक भोक पाडा आणि स्क्रूच्या आट्यांना अंगाचा साबण चोळा. सुतार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, फक्त तेव्हा वाचत होता तो मनगटाचा दम.

हे वाचणाऱ्यांत घरगुती वापरवाले असतील, त्यांना थोडक्यात. वर्षातून चार फोटो आणि एक कपाट, एवढंच काम असेल तर कॉर्डलेस घेऊच नका. 13 मिलिमीटर चकचं, साडेपाचशे-सहाशे वॉटचं वायरवालं ड्रिल कपाटात दहा वर्षं पडून राहिलं तरी बाहेर काढल्यावर चालतं. तुमची बॅटरी कामानं मरत नाही, पडून मरते. हौस असेल आणि घ्यायचीच असेल, तर एक छोटी पुरे. अर्धी भरून ठेवायची आणि कॅलेंडरच्या पानावर दर तीन महिन्यांनी तिला बघायची खूण करायची.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. गगनबावडा, राधानगरीकडं काम असेल तर जून ते सप्टेंबर बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. तो कोरड्या ब्रशनं काढा, पॉलिश पेपरनं घासू नका, पट्टीवरचा मुलामा जातो. आणि पुरात भिजलेली बॅटरी चार्ज करू नका. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा धोक्याच्या 43 फुटांच्या कितीतरी वर गेली, शाहूपुरी, व्यापारी पेठेत पाणी शिरलं, आणि पाणी ओसरल्यावर माझ्या दारात चिखलानं भरलेल्या टूलच्या पेट्यांची रांग लागली. वायरवाली बहुतेक धुऊन, वाळवून, बेअरिंग बदलून उभी केली. बॅटरी मात्र एकही घेतली नाही. ‘काका, बाहेरून तर वाळलीय की,’ असं म्हणून एकजण हटून बसला होता. त्याच्यासमोर पॅक उघडला तर आत चिखल, आणि सेल जोडणाऱ्या पट्ट्या गंजलेल्या. ती रात्रभर दुकानाबाहेर वाळूच्या बादलीत ठेवली, कारण असा सेल कधी पेटेल याचा भरवसा नसतो.

सेल बदलून पॅक नवा करून द्या, असं तुम्हीही उद्या विचाराल. करतात इथं, मीही करतो, पण फक्त साध्या पॅकचं. पाचही सेल एकाच बनावटीचे, एकाच दिवशी मोजलेले पाहिजेत, आणि जोड स्पॉट वेल्डिंगनं, निकेलच्या पट्टीचा. सोल्डरिंगची गन तापवून सेलच्या डोक्याला झाळणाऱ्याकडं काम देऊ नका. काही कंपन्यांच्या पॅकमधली चिप एकदा बिघाड नोंदवला की नवे सेल घातले तरी दार उघडत नाही. तिथं मजुरी फुकट जाते, म्हणून मी आधीच नाही म्हणतो.

नवं ड्रिल घरी आलं की दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरा, एक वापरायला घ्या, दुसरी तशीच दोन आठवडे ठेवा. चांगला लिथियम पॅक एवढ्या दिवसांत जवळजवळ भरलेलाच राहतो. दोन दिवे उतरले असतील तर आत कुठंतरी गळती आहे. बदलून मागायचं ते आताच, वॉरंटीच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. पुढच्या वेळी बॅटऱ्यांची अदलाबदल करून तीच परीक्षा घ्या. दोघींवर मार्करनं ‘1’ आणि ‘2’ लिहून ठेवलं की कोणती मागं पडतेय ते लगेच कळतं.

आठ महिन्यांत मेलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. तिच्या पट्ट्यांवर इन्सुलेशन टेप चिकटवा आणि पुढची खरेदी कराल त्या दुकानात द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुन्या ड्रिलचं चक मात्र काढून ठेवा. जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो. तो उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. नेहमीच्या दिशेनं जोर लावून त्याचं डोकं खाल्लेली ड्रिल माझ्याकडं आठवड्याला एक तरी येते.